गच्चीवर वाळणारं जहाज



गेल्या महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एक जहाज वाळत होतं. खरंखुरं नव्हे, सव्वा फुटाचं. पण त्याला चोपडलेल्या तेलाचा वास कुरडयांना लागेल म्हणून मी, आणि कुरडयांचा चीक जहाजाला लागेल म्हणून माझी लेक, अशा आम्ही दोघी सकाळपासून जिना चढउतर करत होतो. वैशाखातलं अकोल्याकडचं ऊन तुम्हांला सांगायला नको. शेवटी जुन्या नऊवारीचा पडदा मध्ये बांधला. एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला नौदल.

लेक नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिथं तिनं एन.सी.सी. घेतली, तीही नौदल विभागाची. पहिल्या वर्षी पांढरे कपडे घालून सुटीत घरी आली, तेव्हा सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “समुद्र पाह्यला नाही पोरीनं, अन् जहाजं बनोते!” खोटं काय त्यात? पातूर ते मुंबई ५०० किलोमीटरहून जास्तच भरेल. आमच्या गावाला रेणुकामातेची टेकडी आहे, डोंगरात कोरलेली लेणी आहेत, तालुक्यात मोर्णा आणि निर्गुणा ही धरणं आहेत. समुद्र काही नाही. आमचे हे तर म्हणाले, “धरणात चालवायची का आगबोट?”

मलाही वाटलं, असेल कॉलेजातलं खूळ, जाईल लग्नाबरोबर. आपल्या पुष्कळ गोष्टी नाही का तशा गेल्या? माझी पेटी गेली. शेजारच्या काकूंचं बॅडमिंटन गेलं.

पण हे खूळ मोठं शिस्तीचं निघालं. एन.सी.सी.चा कायदा १९४८ चा. मुलींचा विभाग १९४९ मध्ये निघाला आणि नौदलाचा १९५२ मध्ये. या नौदल विभागात मुलांमुलींना वल्ही मारणं, शीड हाकणं, झेंड्यांनी निरोप देणं, दोराच्या गाठी मारणं हे तर शिकवतातच, पण जहाजाच्या छोट्या प्रतिकृती करणं हाही रीतसर विषय आहे. वर्षातून एकदा देशभरातल्या कॅडेटांचं नौसैनिक शिबीर भरतं. अलीकडे ते लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या नौदलाच्या तळावर भरलेलं आहे. तिथं या प्रतिकृतींची स्पर्धा असते. काही नुसती पाहायची जहाजं, काही शिडांवर चालणारी, काही मोटरीवर चालणारी. आपली लेकरं तिथं गोंद, कात्री, काचकागद घेऊन राज्याच्या नावानं बसतात, हे मला तरी ठाऊक नव्हतं. तुम्हांला होतं?

लेक सांगते, त्यांच्या गटात कामं वाटलेली असतात. एकजण नकाशा मोठ्या कागदावर उतरवून घेतो, दोघी लाकडाच्या पट्ट्या कापतात, कुणाचा हात रंगाला चांगला, तर कुणाचे डोळे कठड्याच्या तारा ओवायला. शिबिराच्या आधी आठ-आठ दिवस रात्रीचं जागरण. जेवणाचा डबा एका हातात, दुसऱ्या हातात ब्रश. शेवटी सगळ्यात अवघड काम कोणतं, तर म्हणे जहाज गाडीतून नेणं. दोन उशांच्या मध्ये, खोक्यात, कापूस घालून. आपण मानाचे कानवले नेतो तसं. एकदा गाडीत कुणीतरी त्या खोक्यावर पिशवी ठेवली, तर एका पोरीला रडूच कोसळलं होतं. ऐकताना मी हसले. नंतर मला त्या हसण्याची आठवण झाली, ती का ते पुढे सांगते.

हे काम सोपं नाही हे मला कळलं ते वाटीवरून. तुम्हीही करून पाहा. घमेल्यात पाणी घ्या. स्टीलचा चमचा टाका, बुडतो. त्याच स्टीलची वाटी ठेवा, तरंगते. वाटी आपल्या पोटानं जितकं पाणी बाजूला सारते, त्या पाण्याचं वजन वाटीच्या वजनाइतकं झालं की पाणी तिला उचलून धरतं. आता वाटीत एकाच बाजूला मूठभर तांदूळ टाका. कलते की नाही? ते मधोमध, तळाशी पसरा. स्थिर होते. लेक म्हणाली, “आई, एवढंच आहे जहाजाचं शास्त्र. वजन खाली पाहिजे आणि मधोमध पाहिजे.” मग मापाचं. शंभरावा भाग करायचा ठरलं, तर खऱ्या जहाजाचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीत एक सेंटीमीटर. आपली विक्रांत ही विमानवाहू नौका २०२२ मध्ये नौदलात आली, ती २६२ मीटर लांब. तिचा शंभरावा भाग केला तरी साडेआठ फूट होतो. आमचा दिवाण सहा फुटी! म्हणून घरी करायचं जहाज लहान हवं, हे आपोआप ठरलं.

या उन्हाळ्यात तिनं जे जहाज करायला घेतलं त्याचं नाव कौंडिण्य. हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. नसेल तर ऐका, कारण या जहाजाचा आपल्या वऱ्हाडाशी जवळचा संबंध आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. गोष्ट पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. तो शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. पुढे तो बुद्धाचा भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदनासाठी समुद्रावर गेला असताना जहाज संकटात सापडलं आणि पूर्णानं ते वाचवलं, अशी ती कथा. चित्रातल्या जहाजाला उंच शिडं आहेत, नाकाडावर डोळा काढला आहे. लेकीनं फोनवर चित्र मोठं करून दाखवलं तेव्हा तिनं बोट ठेवलं शिडावर. माझी नजर गेली मागच्या बाजूला ओळीनं मांडलेल्या घड्यांवर. पाण्याचे घडे! म्हटलं, चितारणाऱ्यानं घर नीट पाहिलेलं दिसतं. समुद्रभर पाणी, पण प्यायला घरचंच न्यावं लागतं.

अजिंठ्याची ही पुढची लेणी झाली ती वाकाटकांच्या राज्यात, पाचव्या शतकात. सोळाव्या लेण्यात राजा हरिषेण आणि त्याचा मंत्री वराहदेव यांचा शिलालेख आहे. आणि या वाकाटकांची राजधानी कोणती? वत्सगुल्म. म्हणजे आपलं वाशीम! अकोल्याहून वाशीमला जायचं तर एस.टी. आमच्या पातूरवरूनच जाते. हे ऐकल्यावर मात्र आमचे हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे जहाज आपल्याच राज्यातलं की.” तेव्हापासून धरणातल्या आगबोटीचा विषय निघालेला नाही.

तर या चित्रावरून खरं जहाज बांधायचं ठरलं. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. होडी इनोव्हेशन्स रत्नाकर दांडेकरांची. सहा महिला नौदल अधिकारी २०१७-१८ मध्ये ज्या तारिणी नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, ती नौकाही दांडेकरांच्याच गोव्यातल्या गोदीत बांधलेली. अडचण एवढीच, की अशा जहाजाचा नकाशा कुठेही उरलेला नाही. होतं ते भिंतीवरचं चित्र, तेही एका बाजूनं पाहिलेलं. चोळीचा नुसता फोटो पाहून चोळी बेतायची, तसं. मग मापं काढली, आणि चेन्नईच्या आयआयटीत सागरी अभियांत्रिकी विभागात लहान प्रतिकृती पाण्यात चालवून पाहिली. पाण्यात ती कशी वागते हे कळलं, म्हणून मोठं जहाज पाण्यात घालायचा धीर झाला. तेव्हा आपल्या पोरांच्या हातातलं ‘खेळणं’ कुठवर जातं पाहा!

आणि ऐका, हे जहाज शिवलेलं आहे. खिळा नाही. फळ्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या, काठाला भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीनं फळीला फळी शिवायची. सांध्यावर नारळाचा काथ्या, राळ आणि माशाचं तेल. या पद्धतीला टंकाई म्हणतात. मला ऐकताक्षणी आपला टाकाच आठवला. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी ते कित्येक महिने बसून शिवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात ते पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, ते मस्कतला पोचलं. इंजिनाशिवाय, वाऱ्यावर. आपण इकडे तिळगूळ वाटत होतो.

खरं जहाज सुमारे वीस मीटर लांब. लेकीनं पन्नासावा भाग धरला, म्हणजे चाळीस सेंटीमीटर. लाकडासाठी आम्ही सुताराकडे गेलो. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडच्या लहान लेकरांचे लाकडी बैल त्याच्याच हातचे असतात. मी सागाची फळी मागितली. तो म्हणाला, “बाई, सागवान जड अन् कडक. बारीक पट्टी वाकवाल तं कटकन मोडन. सावरीचं घ्या.” काटेसावरीचं लाकूड हलकं, मऊ, आगपेट्यांच्या कामाचं. त्यानं दोन मिलिमीटरच्या पट्ट्या रंधून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाला, “जहाज झालं की दाखवा फक्त, बोजारा म्हणून तेवढं पुरे.” बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन दारी आलेल्या पोरांना आपण देतो ते पैसे, हे वऱ्हाडाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते.

मग माझ्या स्वयंपाकघरावर संक्रांत आली. फुणके वाफवायच्या चाळणीत पट्ट्या! लांब पट्टी मावेना, म्हणून परातीत कढत पाणी आणि वर ताट. अर्धा तास भिजवून वाफवलेली पट्टी हळूहळू वाकवायची, बाटलीला दोरीनं बांधून ठेवायची आणि पूर्ण सुकली की सोडायची. घाई केली की मोडते. पहिल्या दिवशी सात मोडल्या. माझ्या चाळणीला लाकडाचा वास लागला तो लिंबानं घासून, दिवसभर उन्हात ठेवून गेला. माशाचं तेल आमच्या घरात कुठून येणार? त्याऐवजी जवसाचं तेल. ते हवेवर सुकून घट्ट पापुद्रा धरतं, म्हणून लाकडाला जुन्या काळापासून चालत आलेलं आहे. राळ किराणा दुकानात मिळाली.

इथं जरा थांबून आपल्या कामाचं सांगते, कारण सुटीत पुष्कळ घरांतून असले उद्योग चालतात.

जवसाच्या तेलाचे बोळे आणि चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना आपोआप गरम होतं आणि गोळा करून ठेवलेली चिंधी पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे मुळीच हसण्यावारी नेऊ नका. चिंध्या दोरीवर एकेक सुट्या वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात. पांढरा गोंद साडीवर सांडला तर वाळायच्या आत कोमट पाण्यानं निघतो, वाळल्यावर मग कष्ट आहेत. क्षणात चिकटणारा तो पातळ गोंद मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नये. सुती कापडावर तो सांडला तर एकदम तापतो आणि चटका बसतो. बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. थर्माकोलची होडी केली असेल तर तिला ऑइलपेंट लावू नका, विरघळून भोकं पडतात. टर्पेंटाइनची बाटली गॅसपासून लांब ठेवावी हे लिहायची खरं म्हणजे गरज नाही, पण आमच्याकडे ती ओट्यावर सापडली म्हणून लिहिते.

हाताला राळ आणि तेल लागतं ते खोबरेल चोळून मग साबणानं धुवावं. तरी नखांच्या कडा चार दिवस पिवळट राहतात.

त्या पिवळ्या नखांचीच गोष्ट आता सांगायची आहे. सांगू की नको असं दोन दिवस मनात चाललं होतं.

मे महिन्यात लेकीला एक स्थळ सांगून आलं. घर चांगलं, मुलगा नोकरीत, माणसं माहितीतली. रविवारी सकाळी फोन आला, की आम्ही इकडे एका लग्नाला आलो आहोत, दुपारी सहज डोकावून जातो. ‘सहज’ म्हणजे काय ते आपल्याला कळतं. घरात पळापळ. बैठकीत दिवाणावर जहाज होतं, खाली वर्तमानपत्र, भोवती दोरे, दाभण, गिरमिट, लाकडाचा भुसा. मी म्हटलं, “हे आधी उचल.” ती म्हणाली, “राहू दे ना आई, बाजूला सरकवते.” मी म्हटलं, “पहिल्यांदा येताहेत. हे सगळं नंतर सांगता येईल.” ती काही बोलली नाही. साडी नेसायला आत गेली. आणि मी ते जहाज उचलून माळ्यावर, गाद्यांच्या मागे ढकललं. ढकलताना काहीतरी कटकन वाजलं. मी पाहिलं नाही. वेळ नव्हता म्हणा, किंवा पाहायचं नव्हतं म्हणा.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई बोलायला गोड. लेकीनं कप पुढे केला तशी त्यांनी तिचा हात धरला आणि विचारलं, “बोटं कशानं पिवळी झाली वं बेटा?”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ती उत्तर देणार होती. तिच्याआधी मीच बोलले, “कालच लोणचं घातलं ना, हळद लागली.”

लोणचं घातलेलं होतं हे खरं. ते मी घातलं होतं. “लोणचं घालते म्हणजे घरकामाची आवड आहे,” असं त्या कौतुकानं म्हणाल्या, आणि लेक खाली मान घालून बसली. त्यांना वाटलं लाजली.

रात्री जेवताना तिनं पानात लोणचं वाढून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “आई, लोणचं छान झालंय.” आमच्या ह्यांना काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं असावं.

माळ्यावरून जहाज काढलं तेव्हा डोलकाठी मोडलेली होती आणि उजव्या बाजूच्या दोन फळ्यांचे टाके उसवले होते. गाडीत खोक्यावर पिशवी ठेवणाऱ्या त्या माणसाला मी हसले होते ना? तो निदान परका होता.

लेकीनं रागराग केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते जहाज तिनं तसंच खोक्यात घातलं आणि नागपूरला परत जायची बॅग भरायला घेतली. आठ दिवस बाकी होते सुटीचे. दोन दिवस खोकं तसंच. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, “अवं, तुले गोधडी येते नं? मंग पाहत काय बसली?”

खरंच. तेवीस वर्षं मी गोधड्या शिवते आहे. खोकं उघडून पाहिलं. लेकीनं काथ्याचे तंतू सुटे करून वापरले होते. ते खडबडीत, टाका नीट बसत नव्हता. तिला हाक मारली. विचारलं, “पन्नासावा भाग म्हणतेस, मग खऱ्या जहाजाची दोरी इथं केवढी होईल?” तिनं हिशेब केला. बोटाएवढ्या जाड दोरीचा पन्नासावा भाग म्हणजे गोधडीच्या दोऱ्याइतका. मग काथ्या हवा कशाला? गोधडीचा दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढला की गुळगुळीत होतो, ओल धरत नाही आणि भोकात अडकतही नाही. हे मला आईनं शिकवलं होतं, आणि मी लेकीला कधी सांगितलेलं नव्हतं. ती आपली यंत्रावरच्या शिवणीची पिढी म्हणून सोडून दिलं होतं.

दोन रात्री आम्ही समोरासमोर बसून शिवलं. ती बाहेरून दाभण आत घालायची, मी आतून ओढून परत द्यायची. सांध्यावर काथ्याची बारीक वात ठेवायची, तिच्यावरून आडवा टाका, मग तिरका, की वात दाबून बसते. फार ओढलं तर सावरीचं लाकूड चिरतं, सैल सोडलं तर पाणी येतं. चष्मा लावूनही माझे डोळे पाणावत होते, दिवा जवळ होता म्हणून. फारसं बोललो नाही. एकदा तिनं विचारलं, “तुझी पेटी कुठे आहे गं?” म्हटलं, माहेरी असेल, भाच्यानं विकली नसेल तर.

तिसऱ्या दिवशी पाण्यात घालून पाहायचं ठरलं. उन्हाळ्यात पाणी जपावं लागतं, म्हणून धुण्याचा हौद आधी भरून घेतला आणि नंतर त्याच पाण्यानं अंगण धुवायचं ठरलं. जुन्या धोतराची शिडं, बारीक गोटे फडक्यात बांधून तळाशी. पहिल्यांदा सोडलं तशी डाव्या बाजूला कललं. लेकीनं दोन गोटे काढून उजवीकडे सरकवले. वाटी आणि तांदूळ! मग सरळ उभं राहिलं. सुतार आला होता, तो आणि सासूबाई घड्याळ लावून बसले. दहा मिनिटांनी आत बोट घालून पाहिलं, तर एका सांध्यातून ओल आली होती. तो सांधा माझा होता. लेकीनं सांगितलं, की शिवलेल्या जहाजाचं लाकूड पाण्यात फुगतं आणि सांधे आवळले जातात, थोडी ओल सुरुवातीला येतेच. माझी समजूत घालायला म्हणाली की खरंच, कोण जाणे. मी रात्री तो सांधा उसवून पुन्हा शिवला. जवसाच्या तेलाचा आणखी एक हात दिला आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवलं. ते सुरुवातीला सांगितलेलं दृश्य हे.

दरम्यान तिकडून निरोप आला होता, मुलगी पसंत आहे म्हणून. ह्यांना आनंद झाला. लेकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “त्यांना कोणती मुलगी पसंत आहे? लोणच्याची की जहाजाची?” एन.सी.सी.ची ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा तिनं दिली आहे, आणि पुढे नौदलाच्या निवडीसाठी बसायचं तिच्या मनात आहे. १९९२ पासून नौदलात महिला अधिकारी आहेत, हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं होतं, एवढंच.

मी फोन केला. हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू? म्हटलं, “ताई, त्या दिवशी माझं जरा चुकलं. तिच्या बोटांना हळद नव्हती. राळ होती. ती जहाजं करते, आणि ते मीच माळ्यावर लपवलं होतं.” पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, “जहाजं? कसली जहाजं?” मी सांगू लागले. अजिंठ्यापासून सुरुवात केली ती मस्कतपर्यंत. मध्ये त्यांनी दोनदा “अगं बाई” म्हटलं. नौदलाच्या निवडीचंही सांगितलं, ते ऐकल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “बरं. घरात बोलते आणि कळवते.”

त्याला आज अकरा दिवस झाले. लेक नागपूरला गेली आहे. जहाज बैठकीत, टीव्हीच्या शेजारच्या फळीवर आहे. पुढच्या खेपेला कुणी आलं तर ते हलवायचं नाही, अशी सासूबाईंची ताकीद आहे. रोज संध्याकाळी त्या त्यावरची धूळ पदरानं झटकतात. मी सांगते, पदर शिडात अडकेल. त्या ऐकत नाहीत.

लोणच्याचं प्रमाण पुष्कळजणींनी विचारलं आहे. ते पुढच्या अंकात देते.